हा वाचला ना? मग कसली काळजी!

गेल्या वर्षापासून आमच्या बाबांचं वाचन जवळजवळ बंद झालंय. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याचा त्रास. इंजेक्शनं झाली, लेसर झालं, आता मोठ्या अक्षरातलं कसंबसं दिसतं, पण पाच मिनिटांत डोळे दुखायला लागतात. ज्या माणसाने आयुष्यभर भेळेच्या पुड्याचा कागदसुद्धा वाचून मगच टाकला, त्याला हे किती जड जात असेल ते मी सांगायला नको. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवतो. आठवडाभर लोकांचा कोड वाचायचा आणि शनिवारी कादंबरी, असा आमचा बेत.

पहिलं पुस्तक मीच निवडलं. एच. जी. वेल्स, 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. कॉलेजात असताना एका रात्रीत संपवलेलं, त्यामुळे खात्री होती की बाबांना आवडणारच. पहिलं प्रकरण सुरू केलं. मंगळावरची थंड, हेवा करणारी बुद्धी पृथ्वीकडे बघतेय वगैरे. मग एका वाक्यात निवेदक सांगतो की हे संकट कोसळलं त्याला आता सहा वर्षं झाली.

"हा वाचला ना?" बाबा म्हणाले.

"कोण?"

"हा सांगणारा. सहा वर्षांनी निवांत बसून लिहितोय म्हणजे वाचलाच. छापायला छापखानाही शिल्लक आहे, म्हणजे इंग्लंडही वाचलं. मग कसली काळजी? वाच तू पुढे."

मी हसलो आणि वाचत राहिलो. पण खरं सांगतो, त्या वाक्याने माझ्या डोक्यातली ती कादंबरी कुठेतरी चिरली. तिसऱ्या शनिवारी तर बाबा थंडर चाइल्ड जहाजाच्या झुंजीत गाढ झोपले होते. (ज्यांनी कादंबरी वाचलीय त्यांना कळेल की हा केवढा अपमान आहे ते.)

चौथ्या शनिवारी माझा घसा बसला होता. म्हणून याच कादंबरीवरचं 1938 सालचं अमेरिकन नभोनाट्य नेटवर शोधलं आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावून दिलं. तासाभराचं आहे. साधारण अठराव्या मिनिटाला घटनास्थळावरून बोलणारा वार्ताहर ओरडायला लागतो आणि वाक्याच्या मध्येच आवाज बंद. काहीच नाही. पार शांतता. बाबा ताठ बसले, स्पीकरकडे हात केला आणि म्हणाले, "काय रे, बॅटरी गेली का?"

बॅटरी गेली नव्हती. ऑर्सन वेल्स नावाच्या तेवीस वर्षांच्या पोराने ती शांतता मुद्दाम ठेवली होती, आणि ऐंशीहून जास्त वर्षांनी ती पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये बरोबर लागू पडली.

मी स्वतः 'पुस्तकच भारी' पक्षाचा जुना कार्यकर्ता. सिनेमा बघून आलं की "हं, पण पुस्तकात ना..." असं सुरू करणाऱ्यांपैकी. पण त्या शनिवारनंतर मला मान्य करावं लागतंय की निदान एका बाबतीत तरी नभोनाट्य कादंबरीच्या पुढे गेलं. कसं गेलं, ते आज सांगायचा प्रयत्न करतो.

आधी कादंबरीविषयी. वेल्सची ही गोष्ट 1897 मध्ये 'पिअर्सन्स मॅगझिन'मधून क्रमशः आली आणि 1898 मध्ये पुस्तकरूपाने. त्याआधी तो लंडनच्या नैर्ऋत्येला वोकिंग गावात राहत होता आणि सायकलवरून आजूबाजूचा परिसर पालथा घालत होता. त्याची खरी कल्पकता इथेच आहे. मंगळवासी कुठल्या तरी काल्पनिक देशात उतरत नाहीत, वोकिंगजवळच्या हॉर्सेल कॉमनवर उतरतात. वाचकाच्या ओळखीची स्टेशनं, ओळखीचे पूल, ओळखीच्या गल्ल्या एकेक करून जळत जातात. शिवाय त्यात एक बोचरा मुद्दा आहे. मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी, आपण युरोपियनांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचं काय केलं ते आठवा, असं वेल्स पहिल्याच प्रकरणात बजावतो. साम्राज्य ऐन भरात असताना हे लिहायला छाती लागते.

पण बाबांनी पकडलेली अडचण खरीच आहे. सगळी गोष्ट मागे वळून सांगितलेली आहे. लंडन रिकामं होतानाचा जो थरारक भाग आहे, तो तर निवेदकाने स्वतः पाहिलेलाही नाही, तो भावाकडून ऐकून सांगतो. म्हणजे सिस्टम क्रॅश झाल्यावर सहा वर्षांनी कोणीतरी लिहिलेला उत्तम, सविस्तर, शांत रिपोर्ट. वाचायला छान, पण क्रॅशच्या रात्री ड्यूटीवर असणं वेगळं.

आता न्यूयॉर्कला जाऊ. ऑक्टोबर 1938. सीबीएस रेडिओवर 'मर्क्युरी थिएटर ऑन द एअर' नावाचा दर रविवारचा कार्यक्रम चालू होता. ऑर्सन वेल्स आणि त्याचा भागीदार जॉन हाउसमन दर आठवड्याला एखाद्या गाजलेल्या पुस्तकाचं तासाभराचं नभोनाट्य करत. (लेखक वेल्स आणि दिग्दर्शक वेल्स, दोघांचं नातं काही नाही, इंग्रजी स्पेलिंगही वेगळं. मराठीत मात्र घोळ होतो, म्हणून इथून पुढे दिग्दर्शकाला ऑर्सनच म्हणतो.) कार्यक्रमाला प्रायोजक नव्हता, श्रोतेही बेताचे. कारण त्याच वेळी एनबीसीवर एडगर बर्गन नावाच्या शब्दभ्रमकाराचा तुफान लोकप्रिय कार्यक्रम असे. रेडिओवर बोलक्या बाहुल्या! ओठ हलतात की नाही ते दिसत नसतानाही लोक आवडीने ऐकायचे.

स्क्रिप्ट लिहायचं काम हॉवर्ड कॉक या नवख्या लेखकाकडे. मानधन पंच्याहत्तर डॉलर, मुदत जेमतेम आठवडा. (हाच कॉक पुढे 'कॅसाब्लांका'च्या तीन पटकथाकारांपैकी एक झाला आणि ऑस्कर घेऊन गेला.) कादंबरी वाचून त्याने कळवलं की याचं नाटक होणं शक्य नाही. पण डेडलाइन ती डेडलाइन. गोष्ट इंग्लंडमधून अमेरिकेत आणायचं ठरलं. कॉकच्या आठवणीनुसार त्याने पेट्रोल पंपावरून न्यू जर्सीचा नकाशा घेतला, डोळे मिटून पेन्सिल टेकवली, ती पडली ग्रोव्हर्स मिल या वाडीवर. झालं, मंगळवाले तिथे उतरले.

गुरुवारी तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं तर ते कंटाळवाणं निघालं. सगळ्यांचं मत पडलं की यात जीव असेल तर तो बातम्यांच्या तुकड्यांत आहे, तर तेच वाढवा. मग शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्यांनी पहिली चाळीस मिनिटं कादंबरीसारखी राहूच दिली नाहीत. ती रेडिओसारखी केली. म्हणजे कसं? तर एका हॉटेलातून नृत्यसंगीत चालू आहे. मध्येच निवेदक: मंगळावर वायूचे स्फोट दिसले. पुन्हा संगीत. प्रिन्स्टनच्या वेधशाळेत प्रोफेसर पिअर्सनची मुलाखत, ज्यात तो काळजीचं काही नाही म्हणतो. पुन्हा संगीत. मग ग्रोव्हर्स मिलच्या शेतात काहीतरी पडलंय, आमचा वार्ताहर कार्ल फिलिप्स तिथे पोचलाय. हे संगीत ऑर्सनने तालमीत इतकं ताणलं की त्याचेच सहकारी वैतागले. पण हट्ट बरोबर होता. आधी कंटाळा पक्का बसल्याशिवाय व्यत्यय खरा वाटत नाही.

आणि व्यत्यय तर लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. जेमतेम महिन्यापूर्वी, सप्टेंबर 1938 मध्ये, म्युनिकचा पेच चालू असताना रेडिओवाले गाणी तोडून युरोपच्या बातम्या देत होते. गाणं तुटलं की काहीतरी वाईट घडलंय, हे श्रोत्यांच्या कानांना शिकवून झालं होतं. दुसरी गोष्ट, 6 मे 1937 ला याच न्यू जर्सीत हिंडेनबर्ग हवाईजहाज जळालं तेव्हा हर्बर्ट मॉरिसन या वार्ताहराने रडत-भेकत केलेलं वर्णन रेकॉर्ड झालं होतं. फिलिप्सची भूमिका करणारा फ्रँक रेडिक ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून आला होता. धीट, सराईत आवाज कुठल्या क्षणी फुटतो ते त्याने तिथून उचललं.

आता माझा मुख्य मुद्दा. कादंबरीत हेंडरसन नावाचा एक पत्रकार आहे. वोकिंगलाच राहतो, मंगळावरून पडलेलं नळकांडं बघून येतो आणि लंडनच्या पेपरला तार करतो. संपादकांना थाप वाटते. ते खात्री करायला उलट तार करतात. उत्तर येत नाही, कारण हेंडरसन तोवर मेलेला असतो. उत्तर नाही म्हणून जादा अंक निघत नाही आणि लंडन शांत झोपतं. वेल्सने हे एका वाक्यात उरकलंय, मृत्यू तर वाक्याच्या पोटात अर्ध्या तुकड्यात. जबरदस्त वाक्य आहे. 1897 मध्ये बातमीदार मेला की बातमीच नाहीशी होते, गप्प बसणं म्हणजे 'काही घडलं नाही'.

कार्ल फिलिप्स म्हणजे हेंडरसनच. कॉकने तो मुद्दाम तसा बेतला की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही, दोघांची जागा एकच आहे. फक्त इथे तारेऐवजी मायक्रोफोन आहे, त्यामुळे अर्थ उलटा होतो. फिलिप्स बोलता बोलता गप्प होतो आणि ते गप्प होणं हीच बातमी. पाच-सहा सेकंद नुसती शांतता. रेडिओवर तेवढी शांतता म्हणजे युगं. मग दुसरा निवेदक सांगतो की काही अडचणीमुळे प्रक्षेपण पुढे चालू ठेवता येत नाही, आणि पियानो वाजायला लागतो. तो पियानो ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

रात्रीची ऑन-कॉल ड्यूटी केलेल्यांना हे लगेच कळेल. स्क्रीनवर लाल एरर धडाधड येतात तेव्हा माणूस इतका घाबरत नाही. निदान सर्व्हर बोलतोय तरी. पोटात गोळा येतो तो लॉग यायचेच थांबतात तेव्हा.

सहा वर्षांनी लिहिणारा निवेदक हे करू शकत नाही. तो वाचलेला असतो म्हणूनच सांगत असतो. रेडिओवर सांगणारा सांगता सांगता मरू शकतो, आणि त्याचं मरण आपण वाचत नाही, आपल्यासमोर त्याचा आवाज जातो. पुढे हेच वाढत जातं. एका यंत्रासमोर सात हजार सैनिक, वाचतात एकशे वीस. एका बाँबर विमानाचा पायलट इंजिन गेल्यावर विमानासकट त्या यंत्रावर कोसळतो (थंडर चाइल्डची जागा यानं घेतली). न्यूयॉर्कच्या इमारतीच्या छतावर उभा असलेला शेवटचा निवेदक विषारी धूर जवळ येताना सांगत राहतो आणि कोसळतो. आणि शेवटी एक हौशी रेडिओवाला हवेत विचारत राहतो, कोणी ऐकतंय का म्हणून. उत्तर नाही. लंडन रिकामं व्हायला वेल्सला प्रकरणंच्या प्रकरणं लागली. इथे एकेक आवाज कमी होत जातो, बस्स.

गंमत म्हणजे कथेतला काळ तपासला तर सगळा घोळ आहे. प्रिन्स्टनहून ग्रोव्हर्स मिलचे अकरा मैल फिलिप्स दहा मिनिटांत कापतो असं तोच सांगतो, प्रत्यक्षात मधे जेमतेम एखादं मिनिट संगीत वाजलेलं असतं. चाळीस मिनिटांत सैन्य जमतं, हरतं, शहर पडतं. पण ऐकताना कोणाच्या लक्षात येत नाही, निदान आमच्या हॉलमध्ये तरी आलं नाही.

या सगळ्याचा पुरावा नाटकातच आहे. चाळीस मिनिटांनी मध्यंतर होतं आणि उरलेल्या भागात प्रोफेसर पिअर्सन (ऑर्सन स्वतः) एकटाच आपली हकिगत सांगतो, अगदी कादंबरीसारखी. आवाज तोच, लेखक तोच, नट तोच. आणि नाटक लगेच ढेपाळतं. बाबांच्या जांभया पुन्हा सुरू. त्यांना कारण विचारलं तर म्हणाले, "हा वाचला ना."

आता काय गमावलं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. टास्मानिया गेलं. साम्राज्याला आरसा दाखवणारा वेल्स गेला, अमेरिकन श्रोत्यासाठी उरला फक्त हल्ला. कादंबरीत निवेदक एका घाबरट पाद्र्याबरोबर पडक्या घरात अडकतो, आवाजाने सापडू नये म्हणून त्याला मारून बेशुद्ध करतो आणि मंगळवाले त्या पाद्र्याला ओढून नेतात. तो अपराधाचा सल नाटकात नाही. म्हणजे 'सुधारलं' म्हणताना मी सगळं सुधारलं असं म्हणत नाही. विचार पुस्तकात जास्त आहे, भीती नाटकात. आणि वेल्सला त्या विचारापर्यंत भीतीच्या रस्त्यानेच न्यायचं होतं, म्हणून मी नाटकाला झुकतं माप देतो.

आता ते प्रसिद्ध प्रकरण. 30 ऑक्टोबर 1938 च्या त्या रात्री अख्खी अमेरिका घाबरून रस्त्यावर आली, असं आपण सगळ्यांनीच वाचलंय. मीही ही गोष्ट कित्येक पार्ट्यांत रंगवून सांगितलीय. सपशेल माघार. त्याच वेळी हूपर कंपनीने पाच हजार घरांत फोन करून कोण काय ऐकतंय याची पाहणी केली होती, त्यात हा कार्यक्रम ऐकणारे निघाले सुमारे दोन टक्के. काही माणसं नक्की घाबरली, पोलिसांचे आणि वर्तमानपत्रांचे फोन नक्की खणखणले. पण पेपरांनी पहिल्या पानावर जो हाहाकार छापला, त्यात जाहिराती पळवणाऱ्या रेडिओला झोडपायची हौसही होती. मग 1940 मध्ये प्रिन्स्टनच्या हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाचं पुस्तक आलं. साठ लाखांनी ऐकलं, बारा लाख घाबरले असा त्याचा अंदाज, आणि दंतकथा पक्की झाली. मात्र त्याच्याच पुस्तकातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घाबरलेल्यांपैकी काहींना मंगळवाले वगैरे वाटलेच नव्हते. त्यांना वाटलं जर्मन आले.

खुद्द लेखक वेल्सला सुरुवातीला आपल्या पुस्तकात केलेले बदल रुचले नव्हते. पण 28 ऑक्टोबर 1940 ला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत, केटीएसए रेडिओ स्टेशनवर दोघे एकत्र बसले, आणि म्हाताऱ्याने मिस्किलपणे शंका काढली की खरंच एवढी घबराट झाली होती, की ती तुमची हॅलोविनची मजा होती? इतिहासकारांच्या कितीतरी आधी!

पण गोष्ट इथे हसून संपत नाही. 12 फेब्रुवारी 1949 ला इक्वेडोरमध्ये रेडिओ कीटोने हाच प्रयोग स्थानिक नावं घालून स्पॅनिशमध्ये केला. तिथे घबराट खरी झाली. आणि हे नाटक होतं असं कळल्यावर लोकांचा संताप इतका अनावर झाला की त्यांनी रेडिओ स्टेशन आणि 'एल कोमेर्सियो' वर्तमानपत्र असलेली इमारत पेटवली. किमान सहा माणसं मेली. म्हणून मी 'सुधारणा' हा शब्द जरा जपून वापरतोय. कादंबरी स्वतःला कादंबरी म्हणून हातात देते, मुखपृष्ठासकट. न्यूयॉर्कच्या नाटकात सुरुवातीला, मध्यंतराच्या आगेमागे आणि शेवटी, हे नाटक आहे असं सांगितलेलं होतं. ज्या गुणामुळे नभोनाट्य पुस्तकाच्या पुढे जातं, तो गुण म्हणजे श्रोत्याने एका आवाजावर टाकलेला विश्वास. तो उसना घेतलेला असतो. परत करावा लागतो.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. (पाच-सहा सेकंद.) मग म्हणाले, "सकाळी पुणे केंद्रावर सुधा नरवण्यांनी सांगितलं असतं ना, की हडपसरला मंगळावरून कोणी उतरलंय, तर मीसुद्धा डबा टाकून घरी आलो असतो. तो आवाज कधी खोटं बोलला नव्हता."

आता शनिवारचा कार्यक्रम बदललाय. वाचून दाखवणं चालू आहेच, पण महिन्यातून एकदा नभोनाट्य. गेल्या आठवड्यात बाबांनी स्वतःहून विचारलं की त्या कादंबरीत पुढे काय होतं, त्या पाद्र्याचं वगैरे? मी म्हटलं, "बाबा, पण तो सांगणारा वाचतो हे माहितीये तुम्हाला."

"माहितीये रे," ते म्हणाले. "पण कसा वाचतो ते कुठे माहितीये? काढ पुस्तक."

असो. पुस्तक कपाटातून काढून ठेवलंय. या शनिवारी पडक्या घरापासून सुरुवात.